टाकसाळीची चूक की बाहेरची करामत

बेळगावात गणपत गल्लीत भाजी घ्यावी, मावशींनी सुटे हातावर ठेवावेत आणि त्यातलं एक दोन रुपयांचं नाणं बोटांना निराळं लागावं, हे कुणाच्याही बाबतीत घडू शकतं. एका बाजूला काठ नीट उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला तो विरून गेलाय, किंवा सालाचे शेवटचे दोन आकडेच नाहीत. पूर्वी माणूस 'दुसरं द्या हो' म्हणून ते परत करायचा. आता तो फोटो काढतो, चार ग्रुपवर टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी सांगतं की याला लाखभर रुपये मिळतात. दोन्ही वेळेला ते नाणं नीट बघायचं मात्र राहूनच जातं. नाण्याच्या अंगावर त्याचा सगळा जन्म उमटलेला असतो. तो वाचता आला, तर लाखाच्या गप्पांची गरज उरत नाही आणि हातातली खरी वस्तूही वाया जात नाही.

वाचायची रीत एका प्रश्नापासून सुरू होते: टाकसाळीतल्या कुठल्या पायरीवर हे असं होऊ शकतं? पायरी दाखवता आली तर पुढचं तपासायचं. दाखवता आली नाही, तर नाणं बाहेर आल्यावर बिघडलंय किंवा कुणीतरी बिघडवलंय असं धरून चालायचं.

उद्यमबागेत पॉवर प्रेसवर वॉशर पाडणाऱ्या माणसाला टाकसाळ समजायला पाच मिनिटं पुरतात. धातूच्या पट्टीतून पंच गोल चकत्या पाडतो. त्या चकत्या कडेनं दाबत फिरवल्या की काठ किंचित उचलला जातो. मग भट्टीत तापवून मऊ करणं, धुऊन सुकवणं. शेवटी प्रेस: खाली एक डाय, म्हणजे नाण्याचं चित्र उलटं कोरलेला पोलादी ठसा, वर दुसरा डाय, आणि चकतीभोवती पोलादी कडं, ज्याला कॉलर म्हणतात. वरून दाब आला की धातू वर, खाली आणि कडेला पसरतो, आणि छापा, काटा व कड तिन्ही एकाच क्षणी तयार होतात. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टाकसाळींत साधारण क्रम हाच. नाण्याच्या दोन बाजू आणि कड एकाच दाबात घडतात, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर अर्ध्याहून जास्त लबाड्या तिथेच उघड्या पडतात. प्रेसवर चूक झाली तर ती दोन्ही बाजूंना आणि कडेला एकमेकांशी जुळून दिसते. बाहेरची करामत बहुधा एकाच जागी असते, आणि तिच्या पाठीमागची बाजू तिला साक्ष देत नाही.

तसाच दुसरा नियम उठाव आणि खोलीचा. डायवर जे खोल, ते नाण्यावर उठून येतं. म्हणून डायला चीर गेली तर नाण्यावर उठलेली, नागमोडी, बारीक रेघ दिसते, आणि बहुधा ती काठापासून निघते. डायच्या कडेचा तुकडाच उडाला तर तिथे नाण्यावर धातूचा ओबडधोबड गोळा येतो आणि त्याखालची अक्षरं गायब होतात. उलट नाण्यात रुतलेली रेघ दिसली तर तो बहुतेक वेळा ओरखडा असतो. तिरप्या उजेडात नाणं फिरवून बघितलं की सावली कुठल्या बाजूला पडते त्यावरून उठाव की खोली हे कळतं. फोटोत मात्र हे हमखास फसवं दिसतं, म्हणून निव्वळ फोटोवरून निकाल देणाऱ्याचं ऐकू नये.

साधनं थोडी लागतात. शहापूरच्या सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, घड्याळजीचं दहापट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्याच किमतीचं, त्याच सालाचं एक धड नाणं. ते शेजारी नसेल तर भिंग घेऊन तासभर बसलात तरी उपयोग नाही, कारण वेगळं म्हणजे कशापेक्षा वेगळं हे ठरत नाही.

वजनाचे आकडे लिहून ठेवावेत. २०११ च्या मालिकेतला रुपया २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम, दोन रुपये २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम, पाच रुपये २३ मिलिमीटर आणि ६ ग्रॅम, दहा रुपये २७ मिलिमीटर आणि ७.७१ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेत हेच आकडे बदलले: रुपया २० मिलिमीटर आणि ३.०९ ग्रॅम, दोन रुपये २३ मिलिमीटर आणि ४.०७, पाच रुपये २५ मिलिमीटर आणि ६.७४, दहा रुपये २७ मिलिमीटर आणि ७.७४. वीस रुपयांचं बारा बाजूंचं नाणं ८.५४ ग्रॅमचं. वापरून झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, तेव्हा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला म्हणून कान टवकारायचे नाहीत. शंका आली तर त्याच जातीची दहा नाणी एकत्र तोलून सरासरी काढावी, म्हणजे आपला काटा किती खरं सांगतो तेही समजतं.

या आकड्यांत एक सापळा लपलेला आहे. २०११ चं दोन रुपयांचं नाणं आणि त्याआधीचा, १९९० च्या दशकातला स्टीलचा रुपया, दोन्ही २५ मिलिमीटर, दोन्ही ४.८५ ग्रॅम. तसंच २०११ चा रुपया आणि जुनी स्टीलची पन्नास पैसे, दोन्ही २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. तेव्हा 'रुपयाच्या चकतीवर दोन रुपये पडलेत' असं म्हणत कुणी असं नाणं दाखवलं, तर तो दावा वजनानं सिद्ध होण्यासारखाच नाही. चुकीच्या चकतीवर पडलेलं खरं नाणं वजनात, मापात किंवा धातूत उघड फरक दाखवतं. दोन रुपयांचा ठसा छोट्या चकतीवर पडला तर अक्षरं कडेला कापली जातात आणि वजन थेट त्या छोट्या नाण्याइतकं भरतं. धातूसाठी चुंबक लावावा. स्टीलचा रुपया आणि दोन रुपये चुंबकाला चिकटतात. जुने ९ ग्रॅमचे तांबं-निकेलचे पाच रुपये चिकटत नाहीत, आणि पिवळे पाच रुपयेही नाहीत. तांबूस किंवा सोनेरी दिसणारं एक-दोन रुपयांचं नाणं चुंबकाला टक्कन चिकटलं, तर आत स्टीलच आहे आणि वरचा रंग कुणीतरी मुलामा म्हणून चढवलाय.

आता एकच चूक जवळून बघू, कारण ती ओळखता आली की बाकीच्या आपोआप सोप्या होतात. मुलानं बिस्किटाचा चावा घ्यावा तसं दिसणारं नाणं, ज्याला संग्राहक क्लिप म्हणतात. पट्टी पंचाखाली पुरती सरकली नाही की पुढची चकती आधीच पडलेल्या भोकावर थोडी चढते आणि तेवढा भाग नसलेली चकती पडते. ते भोक आणि ही चकती एकाच पंचाची. म्हणून चावलेल्या जागेची गोलाई त्याच नाण्याच्या गोलाईशी जुळायला हवी. त्याच किमतीचं धड नाणं त्या खाचेत ठेवून बघायचं. ते जवळजवळ अंगाला अंग लावून बसलं तर पहिली परीक्षा पास. कानशीनं घासलेली खाच बहुधा उथळ किंवा उभट निघते आणि नाणं तिच्यात डुगडुगतं.

दुसरी परीक्षा आणखी बोलकी. खाचेच्या बरोबर समोरचा काठ बघायचा. चकती कडेनं दाबत फिरवणाऱ्या यंत्रात दाब दोन समोरासमोरच्या बाजूंनी येतो. खाच आली की एका बाजूला टेकूच उरत नाही, त्यामुळे समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथे काठ नीट उचलला जात नाही. नाणं पडल्यावरही तिथला काठ विरलेला, मऊ दिसतो. जाणकार याला ब्लेक्सली इफेक्ट म्हणतात. लहान खाच असेल तर हा परिणाम जेमतेम दिसतो, पण मोठी खाच असूनही समोरचा काठ कडक उभा असेल तर संशय घ्यावा. तिसरी गोष्ट खाचेजवळची अक्षरं. खऱ्या क्लिपमध्ये खाच दाबाच्या आधीच असते, त्यामुळे दाब आल्यावर धातू त्या मोकळ्या जागेकडे वाहतो आणि अक्षरं तिकडे ओढल्यासारखी, फिकी पडत जातात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर शेवटपर्यंत पूर्ण उठावाचं असतं आणि मग चाकूनं तोडल्यासारखं थांबतं. कापलेल्या भिंतीवर भिंगातून बारीक समांतर रेघाही दिसतात. त्या कानशीच्या किंवा ग्राइंडरच्या. क्लिप म्हणून दाखवली जाणारी बरीच नाणी या तिसऱ्या परीक्षेत पडतात.

ठसा बाजूला सरकलेलं नाणं, बाजारातल्या भाषेत डाय शिफ्ट, हे समजायला सोपं. चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही आणि दाब पडला. वजन पूर्ण भरतं, छापा जितका सरकला तितकाच काटाही सरकलेला असतो, आणि कोऱ्या राहिलेल्या भागावर घासल्याची खूण नसते. ज्यावर साल वाचता येतं असं सरकलेलं नाणं जास्त मोलाचं मानतात. कॉलरच नसताना पडलेलं नाणं मापापेक्षा मोठं आणि पातळ होतं, पण वजन तेच राहतं. इथे रेल्वेच्या रुळाशी गल्लत होते. लोंढ्यापासून बेळगावपर्यंत रुळाशेजारी वाढलेल्या मुलांनी एकदा तरी नाणं रुळावर ठेवलेलं असतं. चाकाखालचं नाणं एकाच दिशेनं लांबतं, अक्षरं त्या दिशेला ताणली जातात आणि नाणं लंबगोल होतं. कॉलरविना पडलेल्या नाण्यात अक्षरं बाहेरच्या दिशेला सगळीकडे सारखी पसरतात.

लाखी हा शब्द भारतीय नाणेबाजारात फार वापरला जातो. एक नाणं डायला चिकटून राहतं, खाली पडत नाही. पुढची चकती येते तेव्हा त्या बाजूला डायऐवजी ते चिकटलेलं नाणंच डाय बनतं. परिणामी नव्या नाण्यावर एका बाजूला नेहमीचा ठसा, आणि दुसऱ्या बाजूला तोच ठसा उलटा आणि आत रुतलेला. पहिली लाखी रेखीव असते. पुढे चिकटलेलं नाणं दाबानं पसरत जातं तसा उलटा ठसा मोठा आणि अस्पष्ट होत जातो. याची नक्कल करायला दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये किंवा हायड्रॉलिक प्रेसमध्ये आवळतात, आणि आपल्याकडे तर गल्लोगल्ली वर्कशॉप आहेत. पण आवळलेल्या नाण्यावर मूळचा उठावाचा ठसा चेपून राहतो आणि त्याच्यावर दुसऱ्याचा उलटा ठसा अर्धवट बसतो. दोन चित्रं एकमेकांत घुसलेली दिसली की ते नाणं टाकसाळीत तसं पडलेलं नाही.

डाय फिरलेलं नाणं तपासायला भिंगसुद्धा लागत नाही. सिंह सरळ धरून नाणं वरून आणि खालून चिमटीत पकडायचं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं फिरवायचं. आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर मागची बाजूही सरळच यायला हवी. दहापंधरा अंशांचा फरक बऱ्याच नाण्यांत असतो, त्याचं कौतुक करू नये. नव्वद किंवा एकशे ऐंशी अंश फिरलेलं असेल तर जपून ठेवावं. दोन्हीकडे छापाच असलेलं नाणं दाखवलं, तर मात्र आधी काठाच्या आतल्या कडेनं भिंग फिरवायचं. असली जवळजवळ सगळी नाणी लेथवर बनतात: एक नाणं आतून पोखरायचं आणि दुसऱ्याची तासलेली बाजू त्यात बसवायची. काठाच्या आत केसाएवढी गोल फट सापडते, आणि फरशीवर टाकल्यावर आवाज मंद येतो.

दहा रुपयांच्या नाण्यावर थोडं थांबायला हवं, कारण सीमाभागात त्याला आधीच फार सोसावं लागलंय. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एखादा दुकानदार घेतो, पलीकडे नाकारतो. कधी रुपयाचं चिन्ह नाही म्हणून, कधी कड्यावरच्या रेघांच्या संख्येवरून. रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीत स्पष्ट केलं होतं की दहा रुपयांच्या नाण्याचे तोपर्यंतचे चौदाही नमुने वैध आहेत. तेव्हा चिन्ह नसणं ही ना खोटेपणाची खूण, ना टाकसाळीची चूक. रुपयाचं चिन्ह नाण्यावर आलंच २०११ मध्ये, त्याआधीच्या नाण्यांवर ते कुठून असणार? असं नाणं परत करणाऱ्याला हे शांतपणे सांगावं.

२०११ च्या मालिकेतल्या या नाण्यात बाहेरचं पिवळं कडं ४.४५ ग्रॅमचं आणि मधली स्टीलची चकती ३.२६ ग्रॅमची. दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात ती ठसा उमटतो त्याच दाबानं. मधली चकती नसलेलं कडं बाजारात अनेकदा 'एरर' म्हणून फिरतं. ठोकून ती चकती बाहेर काढणं अवघड नाही. पण टाकसाळीतच चकतीविना दाब खाल्लेल्या कड्याचा धातू मोकळ्या भोकाकडे सरकतो, भोकाची कड आत झुकते, आणि कड्यावरची रेघ-अक्षरं भोकाच्या दिशेनं वाहिलेली दिसतात. नंतर चकती काढलेल्या कड्याची आतली भिंत सरळ राहते, तिच्यावर चकती अडकून बसल्याची खूण असते, आणि ठसा भोकाच्या काठावर कापल्यासारखा थांबतो. तसंच मधला सिंह वाकडा आणि कड्यावरचं 'भारत' सरळ असं नाणं दिसलं, तर ते हातात घेण्याआधीच निकाल लागलेला असतो. दोन्ही भाग एकाच डायनं एकाच दाबात छापलेले. ते एकमेकांच्या तुलनेत फिरू शकत नाहीत. चकती काढून परत बसवताना कुणाचा तरी हात चुकलाय. याउलट मधली चकतीच एका बाजूला सरकलेली आणि ठसा मात्र दोन्ही धातूंवरून अखंड गेलेला, असं असेल तर ते बघण्यासारखं नाणं आहे.

काही गोष्टींना चूक म्हणूच नये. सालाखाली खूण नसणं म्हणजे कोलकाता. चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. १९८५ साली आणि पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी सरकारनं परदेशी टाकसाळींतूनही नाणी पाडून घेतली, म्हणून काहींवर अनोळखी इंग्रजी अक्षरं दिसतात. सालाचा आकडा फिका असेल तर बहुतेकदा डायच्या खाचेत ग्रीस आणि धातूचा चुरा भरलेला असतो. तिथे नाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. ओरखडे दिसले तर आकडा घासून काढलेला. आणि स्टीलच्या नाण्यांवर अक्षरांना शेजारी सपाट पायरीसारखी सावली दिसते, ती दाबानंतर डाय सैल होऊन किंचित घसरल्यामुळे. याला लोक 'डबल डाय' म्हणून विकतात. खऱ्या डबल डायमध्ये, म्हणजे डायवरच अक्षर दोनदा उमटलेलं असतं तेव्हा, दुसरं अक्षरही तितकंच गोलसर आणि उठावाचं असतं आणि दोन अक्षरांमध्ये स्पष्ट खाच असते. सपाट पायरी म्हणजे साधी थरथर.

इथल्या मातीतली झीजही ओळखायला हवी. कृष्णेच्या, घटप्रभेच्या पुलांवरून पाण्यात टाकलेली नाणी वर्षांनी वाळूतून निघतात तेव्हा खडबडीत आणि पातळ झालेली असतात, वजनही कमी भरतं. यल्लम्माच्या डोंगरावर किंवा गावच्या देवळात हळदकुंकू, लिंबू आणि तेलात पडून राहिलेली नाणी काळीनिळी होतात. जुन्या पंचवीस पैशांना भोक पाडून वॉशर म्हणून वापरायची पद्धत शेतावर होतीच. ही सगळी नाणी आपापल्या जागी जगलेली आहेत, पण त्यांचं दुखणं टाकसाळीतलं नाही.

देवघरातल्या शिवराईला तर ही सगळी मोजपट्टी लावूच नये. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं क्वचितच पूर्ण सापडतात, कारण डाय मोठा, तांब्याचा तुकडा लहान, आणि ठोका हातोडीचा. तिथे सरकलेला ठसा हीच नेहमीची अवस्था. आपल्याच भागात मराठ्यांच्या काळी रुपये पडत होते. त्यांच्यावर फारसीत आझमनगर गोकाक असं टाकसाळीचं नाव असे, आणि तेही बहुधा अर्धंमुर्धंच नाण्यावर मावे. अशा नाण्याला 'एरर' म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला हातोडीच्या नाण्यांची माहिती नाही, किंवा आपल्याला ती नसावी अशी त्याची अपेक्षा आहे.

नाणं खरं वाटलं तर त्याला चिंच, लिंबू, राख काहीही लावू नका. टाकसाळीचा मूळ पृष्ठभाग आणि त्यावरच्या धातू वाहिल्याच्या बारीक रेघा हाच पुरावा असतो, आणि तो एका घासण्यात जातो. विकायचं असेल तर 'आधी नोंदणी फी भरा, मग लाख देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही द्यायचा नाही. अशा जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये लोकांना जाहीरपणे सावध केलंय. मोठ्या व्यवहारासाठी एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या तपासणी संस्थांचं प्रमाणपत्र असतं, पण त्याचा खर्च नाण्याच्या किमतीशी ताडून बघावा. छोट्या क्लिपसाठी तो परवडत नाही.

घरी ठेवताना मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणारा चिकट हिरवट थर धातू खातो. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवा आणि त्यावर पेन्सिलीनं लिहा: किंमत, साल, टाकसाळ, वजन दोन दशांशांपर्यंत, व्यास, चुंबकाला चिकटतं की नाही, आणि कुठल्या पायरीवरची चूक वाटते ते. ती शेवटची ओळ लिहिता येत नसेल, तर त्या नाण्याशेजारी त्याच सालाचं एक धड नाणं ठेवून पुन्हा एकदा तिरप्या उजेडात बघा.